दुसरं वजन

ताणलेल्या रबरावर भेगा पडतात त्या नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. पुलाच्या टोकाला असलेल्या लाकडी खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खिळ्यापासून कडीपर्यंत बंजीच्या दोरातून निघालेला एक जुना रबरी धागा ताणून बांधलेला होता. त्याच्यावर स्तानियानं एका सेंटिमीटरमध्ये चौदा भेगा मोजल्या. गेल्या जूनमध्ये तो गुळगुळीत आणि दुधी रंगाचा होता. अकरा महिने कुणी त्याला हातही लावला नव्हता. ऊन पडलं, हवेतला ओझोन लागला, आणि नुसता ताणलेला राहिला म्हणून तो असा झाला. त्याच दोरातून निघालेले दुसरे धागे आत पेटीत, अंधारात, सैल पडलेले होते. ते अजून जसेच्या तसे होते. दोन्हींचं वय सारखं होतं. फरक फक्त ताणाचा होता, हे तिला माहीत होतं. शाळेत नववीच्या मुलांना तिनं हे अनेकदा सांगितलं होतं. आज मात्र ते मोजून झाल्यावर तिचं बोट तिथंच थांबलं.

अकरा वाजता न्यायाधीश बाई येणार होत्या. त्यांच्याबरोबर कारकून, राजधानीहून एक तज्ज्ञ, दोन पोलीस आणि लाखेची मोहोर लावलेल्या पिशवीतला तो पिवळा दोर. पुलावर जे घडलं ते सगळं, ज्यानं त्यानं आपापल्या जागी उभं राहून, पुन्हा करून दाखवायचं होतं. पत्रात तसं लिहिलं होतं, आणि पत्र येऊन नऊ दिवस झाले होते.

राडोयित्सा आत स्टोव्हपाशी वाकून तांब्याच्या लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी करत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, खांदे अजून ताठ, मिशा मात्र या हिवाळ्यात पूर्ण पांढऱ्या झालेल्या. पुलावरची ही बंजी त्यानं बावीस वर्षांपूर्वी सुरू केली. ज्यांना डोकं खाली करून उडी घ्यायची छाती नसायची त्यांच्यासाठी त्यानं नंतर कमानीखाली झोकाही बांधला. स्तानियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानंच हातांवर घेतलं होतं, त्या दिवसापासून तो तिचा कूम आणि ती त्याची कुमा. या डोंगरात सख्खे भाऊ कुंपणावरून कोर्टात जातात, एकमेकांशी वीस वर्षं बोलत नाहीत. कूम कूमच्या विरुद्ध साक्ष देत नाही.

"साखर घालू?" त्यानं न वळता विचारलं.

"मी साखर घेत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"अकरा महिन्यांत माणूस बदलतो म्हणून विचारलं." त्यानं कप तिच्यासमोर ठेवला. "आज तुला काही करायचं नाही, कुमा. वजनकाट्याशेजारी उभं राहायचं, ते वाचतील ते ऐकायचं."

"आणि त्यांनी मला विचारलं तर?"

"विचारलं तर मान हलव. ते तुला चांगलं जमतं."

तो हसत होता, मिशांखाली. बोलण्यात डंख होता की नाही हे तिला कळलं नाही. कदाचित त्यालाही कळलं नसेल. कॉफी जिभेला भाजली आणि त्या भाजण्याकडे तिनं थोडा वेळ लक्ष दिलं, कारण तेवढं एकच काहीतरी स्पष्ट होतं.

इथं काम करायची पद्धत साधी होती. उडी घेणाऱ्याचं वजन दोनदा करायचं. खाली रस्त्यालगतच्या कचेरीत राडोयित्सा करायचा आणि आकडा काळ्या मार्करनं पाहुण्याच्या हातावर लिहायचा. वर पुलावर, दोर बांधण्याआधी, स्तानिया पुन्हा करायची. दोन्ही आकडे जुळले की दोर ठरायचा: हलक्या माणसाला पिवळा, मधल्याला निळा, जड माणसाला लाल. शाळेला सुटी लागली की ती जून ते सप्टेंबर इथं यायची, आणि दुसऱ्या वजनाची ही कल्पना मुळात तिचीच होती. एका माणसाची चूक दुसऱ्यानं पकडायची, तर दुसऱ्यानं पहिल्याचा आकडा आधी बघता कामा नये, हे तिनं राडोयित्साला पहिल्याच वर्षी समजावलं होतं. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही," तो म्हणाला होता. "माझा माझ्यावरही नाही," ती म्हणाली होती, आणि ते त्याला इतकं आवडलं होतं की कित्येक वर्षं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचा. पहिली काही वर्षं ती हात झाकायला लावून वजन करायची. मग गर्दी वाढली. मग हात झाकणं सुटलं. मग वहीतल्या दुसऱ्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती बरोबरची खूण पडू लागली. हे कधी झालं ते तिला आठवत नाही. कुठल्याच एका दिवशी ते झालं नाही.

तिचे वडील व्रेला नदीच्या पाण्याची पातळी वाचायचे. जुन्या दगडी खांबावर रंगवलेली सेंटिमीटरची पट्टी, रोज सकाळी सात वाजता जाऊन पाहायची आणि आकडा निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. महिन्याच्या शेवटी तो कागद पाणीखात्याकडे जायचा. ती दहा वर्षांची असताना एका फेब्रुवारीत वडील तापानं पडले आणि आठवडाभर तिनं ते काम केलं. पाचव्या दिवशी बर्फ गुडघ्याच्या वर होतं. ती अंगणाच्या फाटकापर्यंत गेली, तिथं थांबली, बुटात बर्फ शिरलं, आणि परत येऊन तिनं आदल्या दिवशीचा आकडा लिहिला. एकशे बारा. वडिलांनी पडल्या पडल्या विचारलं, किती आहे, तिनं सांगितलं, ते म्हणाले, छान. तो आकडा नंतर खात्याच्या छापील वार्षिकात आला. विद्यापीठात असताना ग्रंथालयात तिनं मुद्दाम तो खंड काढून पाहिला होता. फेब्रुवारी, तारीख सोळा, एकशे बारा. अजून तो तिथं आहे. कुणी त्याच्यावर धरणाचं गणित केलं असेल. तेव्हा तिला थोडी मजाही वाटली होती, की जग एवढं सहज फसतं. आणि त्या मजेची आठवण आता तिला सगळ्यात जास्त लाजवते.

ती दरीकडच्या कठड्याशी गेली. एकशे चार मीटर खाली व्रेला बर्फाच्या पाण्यानं फुगून हिरवट पांढरी वाहत होती. आवाज वर येईपर्यंत त्यातला पाण्याचा खळखळाट निघून जायचा, नुसती एक घरघर उरायची. या पुलावरून स्वतः तिनं कधी उडी घेतली नव्हती. एकदाच, लग्नाच्या आधी, वुकोतानं तिला झोक्यावर बसवलं होतं. वुकोता, तिचा नवरा, आता मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत असतो आणि फोनवर त्याचा आवाज नेहमी एक सेकंद उशिरा येतो. तेव्हा त्यांना शेजारी शेजारी पट्ट्यांनी बांधलं होतं, आणि राडोयित्सानं खटका सोडल्यावर सगळी दरी तिरकी होऊन अंगावर आली होती. पण तिच्या लक्षात राहिलं ते पडणं नव्हे. झोका पलीकडच्या टोकाला पोचला, परत फिरण्याआधी क्षणभर थांबला, तेव्हा पट्ट्यांचा दाब नाहीसा झाला. मांड्यांवर, खांद्यांवर काहीच नव्हतं. आपल्याला वजनच नाही, कुणी आपल्याला काही विचारू शकत नाही. तो थांबा अर्ध्या सेकंदाचाही नसतो. गेले अकरा महिने ती त्याच जागी लोंबकळत होती असं तिला कधी कधी वाटे, आणि मग स्वतःचाच राग येई, कारण एवढा वेळ त्या टोकावर कुणी राहू शकत नाही हे तिला गणितानं सिद्ध करता येत होतं.

जूनमधल्या त्या दिवशी नोवित्सा आला होता तो उडी मारायला आला नव्हता, खरं म्हणजे मुलगी मागायला आला होता. समुद्रकाठच्या कोतोरचा न्हावी, सव्वीस वर्षांचा, गोरा, गोल चेहऱ्याचा. गावातल्या झागोर्काशी त्याचं ठरत होतं. आणि गावात गेल्या वीस वर्षांत एक रीत पडली आहे, कुणी ठरवलेली नाही तरी पडली आहे, की किनाऱ्यावरचा जावई करायचा तर आधी त्यानं पुलावरून उडी घ्यायची. झागोर्काचे तिघे भाऊ त्याला मधे घेऊन आले. वाटभर त्यांचं चाललं होतं: काय रे, समुद्रात तरंगता येतं म्हणून बोलावलंय तुला, दोरानं तरंगून दाखव; अरे, याला दोर नको, साखळी बांधा. तो हसत होता. त्याचे कान लाल झाले होते, ते तिला वरून, वीस पावलांवरूनही दिसले होते.

खाली कचेरीत नेमकं काय झालं ते तिला राडोयित्सानं त्याच संध्याकाळी सांगितलं. पाहुण्याला मेव्हण्यांसमोर काट्यावर चढवायचं आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, ही त्याला शोभणारी गोष्ट नव्हती. त्यानं हळू आवाजात विचारलं, किती रे बाळा? पोरगा म्हणाला, अठ्ठ्याहत्तर. पाहुण्याचा शब्द. राडोयित्सानं तो हातावर लिहिला. मनात म्हणाला, वर कुमा आहे, ती करीलच.

आणि वर कुमा होती. तिनं हातावरचा आकडा पाहिला, मग पोराकडे पाहिलं, आणि तिला स्पष्ट वाटलं होतं की हा नव्वदच्या पुढचा आहे. डोळ्यांनी अंदाज करायची तिला सवय होती, चुकली तर दोन-तीन किलोंनी चुके. काटा तिच्या पायाशी होता. मेव्हणे कठड्याला टेकून उभे होते आणि मोठा म्हणाला, "बाई, काटा मोडेल, जपून." पोरानं तिच्याकडे बघितलं. ती नजर तिला माहीत होती. वर्गात फळ्याकडे बोलावलेल्या मुलाची असते ती. तिनं मनात म्हटलं, कूमनं केलंय. आणि वहीत बरोबरची खूण केली. पेन कागदावर फिरल्याचा आवाज तिला अजून ऐकू येतो, एक छोटासा, समाधानी आवाज. पिवळा दोर बांधला गेला.

चौऱ्याण्णव किलो भरलं हॉस्पिटलात. अठ्ठ्याहत्तर किलोच्या माणसाला पिवळ्या दोरानं पाण्याच्या वर सहा मीटरवर थांबवलं असतं. तो पाण्यात शिरला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला अकरा मीटर असावा, हे तिनं पुढं अनेक रात्री वेगवेगळ्या पद्धतींनी काढून पाहिलं. उत्तर दहा आणि बाराच्या मध्येच येत राहिलं. ती पायवाटेनं खाली धावली होती. कमरेपर्यंत बर्फाच्या पाण्यात उभी राहून तिनं त्याचं डोकं पाण्यावर धरलं होतं. वर परत आली तेव्हा दात वाजत होते, कुणीतरी खांद्यावर घोंगडी टाकली, आणि पोलीस वहीतून वाचत होता: स्तानिया यांनी वजन केले, चौऱ्याण्णव असे मोठ्याने सांगितले, परंतु मी दोर बदलला नाही, दोर टिकेल असे म्हणालो. खाली राडोयित्साची सही होती. "असंच झालं ना, बाई?" तिनं मान हलवली. मग सही केली. बोटं गारठली होती, सही तिची वाटत नव्हती, पण तिचीच होती.

वकिलानं नंतर दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की निष्काळजीपणा एक गोष्ट, आणि सांगितलेलं असूनही दोर न बदलणं वेगळी. पहिल्याला कदाचित तुरुंगही होणार नाही. दुसऱ्याला चार वर्षं, पाच वर्षं. राडोयित्सा खिडकीबाहेर बघत होता. "जे लिहिलंय ते लिहिलंय," तो म्हणाला. बाहेर आल्यावर तिनं त्याचा हात धरला तेव्हा तो सोडवून घेत म्हणाला, "तुझ्या मुलीला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंय. तिच्या आईला मी कोर्टात उभं करू? मी म्हातारा आहे, तिथं निदान जेवण वेळेवर मिळेल." वुकोता फोनवर एक सेकंद उशिरा म्हणाला, "त्यानं ठरवलंय, स्तानिया. आता तू उलटं बोललीस तर त्याला खोटारडा ठरवशील." ती दिवस पुढं ढकलत राहिली. सोमवारी सांगू, इस्टरनंतर सांगू, परीक्षा झाल्या की सांगू.

साडेदहाला एक जुनी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून नोवित्सा उतरला. तिला वाटलं होतं त्याची आई असेल बरोबर, पण गाडी झागोर्का चालवत होती आणि ती आतच बसून राहिली. तो बारीक झाला होता. उजवा हात कोटाच्या खिशात खोचलेला, जसा कुणीतरी दुसऱ्यानं तिथं ठेवला असावा तसा. डाव्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता.

"बाई, धरा आधी, नाहीतर पडेल," तो म्हणाला. "आईनं दिलीत. अंजिरं. आमच्या झाडाची, गच्चीवर वाळवलेली."

"मला कशाला?"

"ती म्हणते त्या बाईंना द्यायचीच." तो कठड्याला टेकला नाही, कठड्यापासून दोन हात अंतरावर थांबला. "तुम्ही कधी भेटला नाहीत. हॉस्पिटलात तुमचे कूम आले, रडले, मला म्हणाले मार मला. मी म्हटलं कुठल्या हातानं मारू?" तो थोडा हसला. "दुकान चालू आहे. कात्री झागोर्का धरते, मी मागं उभा राहून सांगतो. दोन गिऱ्हाइकांचे कान कापलेत तिनं. पण येतात परत."

तिनं खोका छातीशी धरला. अंजिरांचा गोड, जरासा आंबूस वास येत होता.

"तुम्हाला सांगायचं होतं," तो म्हणाला, आता जमिनीकडे बघत. "मी खोटं बोललो होतो. अठ्ठ्याहत्तर. ते तिघं दात काढत उभे होते ना. सुरुवातीला मला तेवढंच डोक्यात. हात गेला तो माझ्या जिभेनं गेला. झोप नाही, काही नाही. पुलावर आल्यानंतरचं मला काही आठवत नाही, आणि ते तिघं म्हणतात आमचं लक्ष नव्हतं. मग वकिलानं तुमचा जबाब वाचून दाखवला. बाईंनी बघितलं होतं, चौऱ्याण्णव म्हणून ओरडून सांगितलं होतं. म्हणजे माझं खोटं तुम्ही तिथंच पकडलं होतंत. मग ते उरलंच नाही ना? पुढं कूम चुकले, ते त्यांचं. त्या रात्री मी झोपलो, बाई. म्हणून अंजिरं."

ती विचार करत होती, आणि विचार अगदी थंडपणे, ओळीनं येत होता: हे खोटं आता तीन माणसांना धरून उभं आहे. राडोयित्साला ते तुरुंगात नेतं आहे आणि तो ताठ मानेनं जातो आहे. तिला शाळेत ठेवतं आहे. आणि या पोराला झोप देतं आहे. यातून ती बाहेर पडली तर पहिला तोच खाली जाईल. अकरा महिने तिनं फक्त पहिल्या दोघांचा हिशोब केला होता. आणि त्याच वेळी तिच्या मनाचा एक कोपरा, ज्याची तिला स्वतःलाच घृणा वाटली, हलका झाला: बघ, गप्प राहायला आता चांगलं कारण मिळालं. दयेचं कारण. तिला त्या जूनमधला क्षण आठवला, काट्यावरून उचललेली नजर, पोराचे लाल कान. तेव्हाही दयाच होती. त्याला लाजेतून वाचवायला म्हणून तिनं मोजलं नव्हतं.

"थंडी वाजतेय का बाई?" नोवित्सानं विचारलं. "खोका चेपलात तुम्ही."

गाड्या आल्या. न्यायाधीश बाई ठेंगण्या होत्या, डोक्याला रुमाल, पायात चालायचे बूट. त्यांनी दरीत एकदाच पाहिलं आणि नंतर पाहिलं नाही. तज्ज्ञानं मोहोर फोडली. नोवित्साला पुन्हा उभं करायचं नाही म्हणून त्याच्या जागी तरुण पोलीस उभा राहिला. पोलिसानं बाही वर केली आणि कारकुनानं त्याच्या हातावर मार्करनं अठ्ठ्याहत्तर लिहिलं. राडोयित्सा दोराच्या कप्पीपाशी आपल्या जागी गेला. टोपी काढून त्यानं बगलेत धरली होती, चर्चमध्ये धरतात तशी.

"तुम्ही कुठं होतात?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"इथं." तिनं खोका खाली ठेवला आणि काट्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

कारकून वाचू लागला. आवाज सपाट होता, वारा मधले शब्द नेत होता. पाहुणा पुलावर आला. त्याचे नातेवाईक कठड्यापाशी थांबले. स्तानिया यांनी त्यास काट्यावर उभे केले.

"करा," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

तरुण पोलीस काट्याकडे एक पाऊल टाकून थांबला आणि तिच्याकडे पाहू लागला, ती काय म्हणते याची वाट बघत. तिची मान खाली आपोआप हलू पाहत होती, ते तिला मानेच्या मागच्या स्नायूंत जाणवलं, आणि तिनं ती हलू दिली नाही.

"बाई? त्यांना काट्यावर घ्या. आणि मग तुम्ही जे मोठ्यानं म्हणालात ते म्हणा. तज्ज्ञांना कप्पीपर्यंत ऐकू येतं का ते बघायचंय."

"कुमा," राडोयित्सा हळूच म्हणाला. विनवणी नव्हती त्यात, हुकूमही नव्हता. मुलीला पाण्यावर धरताना याच आवाजात त्यानं तिचं नाव उच्चारलं होतं.

नोवित्सा गाडीजवळ उभा होता. तो तिला धीर द्यावा तसा मान हलवत होता.

तिनं पोलिसाला हातानं मागं सरकवलं, काट्यापासून दूर, त्या दिवशी पोरगा जिथं उभा होता बरोबर तिथं. मग ती नोवित्साकडे वळली, न्यायाधीश बाईंकडे नाही, कारण पहिल्यांदा त्यालाच सांगायला हवं होतं. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, कप्पीपर्यंत सहज गेला असता.

"मी तुला काट्यावर उभं केलं नव्हतं. तू जड आहेस हे मला दिसत होतं, तरी केलं नाही. मी कुणाला काहीही ओरडून सांगितलं नाही, कूमना तर नाहीच. लिहून घ्या, मी माझा जबाब बदलते आहे."